मदत हवी आहे: नाताळचा अल्बम रेकॉर्ड करतोय, आवाज एकजीव होत नाहीत

आल्टो_वानवडी
तातडीने मदत हवी आहे. आमचा गाणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे आणि नाताळच्या गाण्यांचा अल्बम करतोय. स्टुडिओत जाऊन काही गाणी रेकॉर्ड केली, पण ऐकताना प्रत्येक जण वेगळ्या खोलीत बसून गातोय असं वाटतं. चर्चमध्ये गातो तेव्हा असं अजिबात होत नाही. स्टुडिओवाल्यांनी रिव्हर्ब (कृत्रिम घुमणं) टाकून दिला, पिच करेक्शनही (सॉफ्टवेअरने सूर दुरुस्त करणं) लावलं, तरी गाणं मेल्यासारखं वाटतंय. दुसरा स्टुडिओ शोधू की स्वतःच माइक घेऊ? घ्यायचा तर कुठला? कृपया लवकर सांगा, वेळ फार कमी आहे.

पुणेरी_टेप
स्टुडिओचा नाद सोडा. झूम कंपनीचा एच ५ हँडी रेकॉर्डर घ्या, स्टँडवर लावा, गा. मी आमच्या भजनी मंडळाची सगळी रेकॉर्डिंग्ज हातातल्या रेकॉर्डरवरच केली आहेत. टाळ-पखवाजासकट स्वच्छ येतं.

निखिल_ऑडिओ
टेपराव, आधी त्यांना विचारू तरी द्या. ताई, किती जण गाता? साथीला काय आहे? पियानो, गिटार, ट्रॅक? आणि स्टुडिओत सगळे एकत्र उभे राहून गायलात की एकेकाला आत बोलावलं?

सुनंदा_के
आवाज बसला असेल तर ज्येष्ठमध तोंडात धरा. रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री दही, लोणचं, आइस्क्रीम बंद. कोमट पाण्यात हळद-मीठ घालून गुळण्या. माझ्या मुलीला स्पर्धेच्या वेळी याचा फार उपयोग झाला होता.

आल्टो_वानवडी
सुनंदाताई, धन्यवाद, पण आवाज ठणठणीत आहेत सगळ्यांचे. निखिल, आम्ही सात जण. साथ काहीच नाही, नुसते आवाज, चार भागांत (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास). एकेकाला काचेच्या केबिनमध्ये बसवलं, हेडफोनमध्ये क्लिक (तालाची टिकटिक) आणि कीबोर्डवर वाजवलेला आपापला भाग. सगळे असंच करतात ना?

निखिल_ऑडिओ
सिनेमाचं गाणं असंच करतात, कारण तिथे एक गायक आणि खाली तयार ट्रॅक असतो. साथीशिवाय गाणाऱ्या ग्रुपसाठी ही पद्धत घातक आहे. तुमचा रोग तिथेच आहे, माइकमध्ये नाही.

एकत्र उभं राहून गाताना तुम्ही नकळत शेकडो गोष्टी जुळवत असता. शेजारचा 'आ' किती उघडा लावतोय, श्वास कधी घेतोय, ओळीच्या शेवटचा 'त' किंवा 'स' नेमका कुठे टाकतोय. केबिनमध्ये शेजारी नसतो, फक्त टिकटिक असते. सात जण सात ठिकाणी 'स' म्हणतात आणि मिक्समध्ये फुसफुस ऐकू येते. ती कुठल्याही रिव्हर्बने जात नाही. उलट रिव्हर्ब ती लांबवतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कीबोर्डवरचा गंधार आणि तुमच्या सात गळ्यांचा गंधार एक नाही. चांगला जमलेला ग्रुप कॉर्ड धरतो तेव्हा गंधार आपोआप थोडा उतरून षड्जात मुरतो. समान अंतराच्या सप्तकात, म्हणजे पेटी, पियानो, कीबोर्डमध्ये, तो सुमारे १४ सेंटनी चढा असतो (अख्खा अर्धस्वर १०० सेंटचा). स्टुडिओतलं पिच करेक्शन नेहमीच्या सेटिंगवर प्रत्येक स्वर ओढून कीबोर्डच्या जागी नेऊन बसवतं. म्हणजे थोडंफार जे जुळलं होतं तेही त्याने मोडलं. 'मेल्यासारखं' म्हणालात, ते याच कारणाने.

खर्ज
अगदी बरोबर, आणि हे आपल्याकडे तंबोऱ्यापुढे बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू (न छेडता आपोआप उमटणारा) गंधार ऐकू येतो, तो पेटीच्या गंधाराशी कधीच मिळत नाही. उपाय सोपा आहे. हेडफोनमधून क्लिक काढा, तंबोरा द्या. ॲपमधला चालेल. सूर उतरायचा प्रश्नही मिटेल.

निखिल_ऑडिओ
तंबोऱ्यावर रियाज जरूर करावा. रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र मी देणार नाही. चार भागांच्या गाण्यात खालचा बास दर मात्रेला हलतो आणि अनेक कॅरल (नाताळची गाणी) मध्येच पंचमाच्या पट्टीत जाऊन परत येतात. तिथे षड्ज धरून बसलेला तंबोरा गाणाऱ्यांशी भांडतो.

खर्ज
भांडत नाही. षड्ज-पंचम कुठल्याही गाण्याला आधारच देतात. आमच्या गुरुजींनी आयुष्यभर मुलांना तंबोऱ्यावरच घडवलं.

निखिल_ऑडिओ
गुरुजींचं गाणं एका षड्जावर उभं असतं, खर्जसाहेब. इथे षड्जच जागा बदलतो. ताई, तुम्हीच सांगा, तुमचा सूर उतरतो का? कुठे?

आल्टो_वानवडी
हो, उतरतो. शेवटच्या कडव्यापर्यंत जवळजवळ अर्धा स्वर. मुख्यतः हळू गाण्यांत. पण माझा प्रश्न माइकचा होता.

कॅम्पातला
माइक नंतर, आधी जागा ठरवा. कॅम्पातलं एखादं जुनं दगडी चर्च मागून घ्या. सेंट मेरीज १८२५ पासून उभं आहे. तसलं उंच छत आणि जाड भिंती कुठला स्टुडिओ देणार? नाही तर गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय. लहानपणी तिथल्या मनोऱ्यातल्या घंटा ऐकत मोठा झालोय, नाताळच्या अल्बमची सुरुवात त्या घंटांनीच व्हायला हवी.

बखरकार
पंचहौद म्हटलं की १८९० आठवतं. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळी मिशनमध्ये व्याख्यानाला गेली, चहा-बिस्किटं पुढे आली आणि साऱ्या पुण्यात ग्रामण्य (जातीबहिष्काराचा वाद) उठलं. प्रायश्चित्तापर्यंत गेलं प्रकरण.

कॅम्पातला
आणि त्यानंतर पाचच वर्षांत, १८९५ साली, दुसऱ्या टिळकांनी, म्हणजे ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आज मराठी मंडळीत जी भजनं गातात त्यांतली कितीतरी त्यांची. ताई, त्यांची गाणी घेतलीत ना? इंग्रजी कॅरल जगभर रेकॉर्ड होतात, ही कोण करणार?

आल्टो_वानवडी
निम्मा अल्बम मराठीच आहे. टिळकांची दोन आहेत, बाकी 'उपासना संगीत' या भजनसंग्रहातली आणि दोन आमच्या टेनरने केलेल्या नव्या चाली. इंग्रजीत जुनी कॅरल आणि एक 'व्हाइट ख्रिसमस'.

शनिवारपेठी_वकील
थांबा, परवानग्यांचं पाहिलंत का? कोणी विचारत नाहीये म्हणून मीच विचारतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचे शब्द मोकळे आहेत. 'व्हाइट ख्रिसमस'चे आयर्विंग बर्लिन १९८९ पर्यंत जगले, त्यामुळे ते गाणं भारतात २०४९ अखेरपर्यंत मोकळं नाही.

भाषांतरांचंही बघा. मूळ जर्मन किंवा इंग्रजी कॅरल दोनशे वर्षांपूर्वीचं असेल, पण त्याचं मराठी भाषांतर करणाऱ्याचा हक्क स्वतंत्र असतो. आणि चार भागांची मांडणी कोणाची? इंग्लिश क्वायर-संचालक डेव्हिड विलकॉक्स यांच्या प्रसिद्ध डिस्कंटची (मूळ चालीच्या वर गायचा स्वतंत्र सूर) झेरॉक्स पुण्यातल्या अर्ध्या क्वायरांकडे असेल. चाल जुनी असली तरी ती मांडणी त्यांची, आणि ते गेले २०१५ मध्ये.

पुणेरी_टेप
एवढं कोण विचारतं हो? कव्हर व्हर्जनला पाच वर्षांनी परवानगी लागत नाही.

शनिवारपेठी_वकील
एवढं सोपं नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी नीट वाचा. पाच वर्षं हा फक्त पहिला अडसर आहे. नंतर आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि तीही दरवर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने. एवढ्याशा ग्रुपला ते परवडणार नाही. तेवढं एक गाणं वगळा किंवा हक्कदाराकडून थेट लेखी परवानगी घ्या.

आल्टो_वानवडी
वकीलसाहेब, हे माहीत नव्हतं. ते गाणं काढतो, त्याजागी मराठी घेतो. मांडण्या बहुतेक टेनरच्याच आहेत, डिस्कंटचं एक पान तपासते. पण रेकॉर्डिंगचं सांगा ना कोणीतरी!

निखिल_ऑडिओ
सांगतो, पण घाई कसली ते कळलं तर बरं. नाताळला अजून अवकाश आहे. ऑनलाइन टाकायचं असेल तर डिस्ट्रिब्युटरला तीन-चार आठवडे आधी फाइल द्यावी लागते, तेवढंच कारण आहे का?

आल्टो_वानवडी
ऑनलाइनही टाकायचंय, पण ते कारण नाही. आमचे बास गाणारे काका नोव्हेंबरअखेर मुलाकडे कॅनडाला कायमचे जातायत. आमच्या ग्रुपचा पाया त्यांच्यावर आहे. ते इथे असतानाच सगळं गाऊन व्हायला हवं. मिक्सिंग नंतर चालेल.

निखिल_ऑडिओ
मग हे आधी सांगायला हवं होतं, उत्तरच बदलतं! एकेकाचं रेकॉर्डिंग पूर्ण विसरा. एकाच खोलीत, एकाच वेळी, सातही जण.

अर्धवर्तुळात उभे राहा, एकमेकांचे चेहरे दिसतील असे. हेडफोन नाही, क्लिक नाही. समोर साधारण दोन मीटरवर, डोक्यांच्या वर दोन कंडेन्सर माइक, एकमेकांपासून १७ सेंटिमीटर, तोंडं बाहेरच्या बाजूला वळवून ११० अंशांचा कोन. फ्रेंच रेडिओवाल्यांची ही जुनी पद्धत, ओआरटीएफ म्हणतात. टेपरावांचा रेकॉर्डर इथे उपयोगी पडेल, कारण त्याला दोन एक्सएलआर इनपुट (असे माइक जोडायच्या जागा) आहेत आणि ४८ व्होल्टचा फँटम पॉवरही (कंडेन्सर माइकला लागणारी वीज). माइक विकत घेऊ नका, एकसारखी जोडी भाड्याने आणा. २४ बिट ठेवा, सर्वात मोठ्या जागीही मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

तोल मिक्समध्ये दुरुस्त होणार नाही, तो उभं राहण्यातच करायचा. सोप्रानो डोक्यावर बसत असेल तर तिला अर्धं पाऊल मागे. काका कमी ऐकू येत असतील तर त्यांना मध्ये घ्या. एक कडवं गा, सगळ्यांनी ऐका, हला, पुन्हा गा. पहिला तास यातच जाईल, जाऊ द्या.

उतरणाऱ्या सुरासाठी: हळू गाणं अर्धा स्वर वर धरून बघा, पुष्कळदा गळा वेगळ्या जागी बसतो आणि उतरणं थांबतं. एकाच स्वरावर चारचार अक्षरं येतात तिथे आणि खाली येणाऱ्या ओळींत प्रत्येक स्वर मनात नव्याने लावायचा. सूर तिथेच सांडतो.

खर्ज
हा शेवटचा मुद्दा लाखाचा. आणि दोन टेकच्या मधे तंबोरा ऐकवायला हरकत नसावी.

निखिल_ऑडिओ
मधे जरूर. एकच पट्टी ठेवलेल्या गाण्यांना रियाजातही. तिथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

कॅम्पातला
आणि दगडी चर्च?

निखिल_ऑडिओ
घुमणं सुंदर, पण रस्त्याचा आवाज? कॅम्पात सकाळी सातनंतर हॉर्न थांबत नाहीत. घुमणं नंतर थोडं देता येतं, हॉर्न काढता येत नाही. शांत जागा आधी, गोड जागा नंतर. तुळशीचं लग्न लागलं की कार्यालयांचे बँडही सुरू होतात, तेही लक्षात घ्या.

आल्टो_वानवडी
आमच्या पाळकसाहेबांना आत्ताच फोन केला. चर्चचा मागचा हॉल शनिवारी पहाटे साडेपाचपासून मिळतोय. लाकडी छत आहे, आत गल्लीत आहे. विमानं मात्र जातात.

निखिल_ऑडिओ
लोहगावची लढाऊ विमानं असतील तर थांबायचं, आवाज पूर्ण विरला की कडवं पहिल्यापासून. पंखे, फ्रिज, ट्यूबलाइट बंद. कोणी न गाता रिकाम्या हॉलचं एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवा, जोडकाम करताना लागतं. प्रत्येक टेकआधी गाण्याचं नाव आणि नंबर मोठ्याने बोला आणि एकाने वहीत लिहा कुठला चांगला. प्रत्येक गाणं निदान दोनदा अथपासून इतिपर्यंत. काका गेल्यावर तुकडा कमी पडला तर कुठून आणणार?

सुनंदा_के
पहाटे गाणार तर चारला उठा. झोपेतून उठल्यावर गळा उघडायला वेळ लागतो.

आल्टो_वानवडी
सुनंदाताई, हे नक्की करतो. निखिल, माइकची जोडी कुठे भाड्याने मिळेल? आणि काकांना न्यायला सीडीसुद्धा हवी आहे, त्यांच्या गाडीत तीच चालते. कोऱ्या सीडी मिळतात का अजून?

पुणेरी_टेप
बुधवार पेठ, पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची गल्ली. दुपारी जा, दोन-तीन दुकानांत विचारा. रेकॉर्डर माझा घेऊन जा, शुक्रवारी संध्याकाळी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

निखिल_ऑडिओ
माइकचं मी बघतो, व्यनि पाहा. पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी) नको, वारा येणारी खिडकी बंद ठेवा.