घरच्यांनी ढकलून आणलेला कर्जदार बोलतच नाही, सुरुवात कुठून करायची?

नवी_नोंद:
तालुक्याच्या वित्तीय साक्षरता केंद्रात समुपदेशन करते. येणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःहून येत नाहीत, बायको, भाऊ नाहीतर जामीनदार घेऊन येतो. बहुतेक कारखान्यातले पगारदार. क्रेडिट कार्ड, दोन-तीन ॲपची कर्जं, पतसंस्था, शिवाय बाहेरचे हातउसने. खर्च विचारला की "ते मी बघतो", कर्ज विचारलं की निम्मंच सांगतात, आणि तक्ता भरून आणायला दिला की पुन्हा फिरकत नाहीत. आमचा फॉर्म चार पानी आहे आणि तो पहिल्याच बैठकीत भरायचा असतो. कसं करावं?

पासबुक:
फॉर्म पहिल्या बैठकीत बाहेरच काढू नका. ज्याला आधीच आरोपीसारखं वाटतंय त्याच्यापुढे चार पानं ठेवली की ती जबानी वाटते. केंद्राचा नियमच असेल तर नाव-पत्ता भरा, बाकी दुसऱ्या वेळी.

सोबत आलेल्या माणसाला पहिली दहा-पंधरा मिनिटं बाहेर बसवा. मग स्पष्ट सांगा: इथलं बोलणं बँकेला किंवा घरी कळणार नाही, आम्ही कर्ज देत नाही आणि वसूलही करत नाही. "एकूण कर्ज किती?" हा प्रश्न नको. "या महिन्यात कुठल्या तारखेची धास्ती आहे?" असं विचारा. तारीख सांगताना लाज कमी वाटते. पाच तारखेला हप्ता कापला जातो आणि पगार सातला होतो, असं काहीतरी बाहेर येतं. हप्ता बाउन्स झाला की बँकही दंड लावते आणि कर्ज देणाराही. हप्त्याची तारीख पुढे नेण्याचा अर्ज त्याच बैठकीत लिहून द्या. हातात एक कागद घेऊन गेलेला माणूस परत येतो.

बदलायची तयारी किती आहे हे मोजायचं असेल तर शून्य ते दहामध्ये आकडा विचारा. तो तीन म्हणाला तर "तीनच का?" विचारू नका, लगेच बचाव सुरू होतो. "एक का नाही?" विचारा. मग कारणं तो स्वतःच देतो.

शेकडा_पाच:
निम्मं कर्ज लपवण्यामागे नेहमी खोटेपणा नसतो. उसनवारी आणि भिशीची उचल अनेकांच्या लेखी कर्जच नसते. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट घ्या, पेन्सिल त्याच्या हातात द्या आणि दर महिन्याला जाणाऱ्या रकमांवर त्यालाच खूण करू द्या. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे बँका आणि ॲपच्या कर्जांची नोंद, ती ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, पण त्यात सावकार आणि भिशी दिसत नाही.

व्याजाचा घोळ इथेच सोडवा. "बँक बारा टक्के घेते, सावकार पाचच" असं लोक मनापासून मानतात. बँकेचे बारा टक्के वर्षाला, सावकाराचे पाच टक्के महिन्याला, म्हणजे वर्षाला साठ. रोजच्या वसुलीचंही तेच: हातात 9,000 आणि रोज 100 असे 100 दिवस. दिसायला हजारच जास्त, पण मुद्दल रोज कमी होत असल्याने वार्षिक दर सत्तर टक्क्यांच्या वर जातो.

कार्डाचं गणित कागदावर मांडा. बाकी 60,000, व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटी 378. किमान रक्कम म्हणून 3,000 भरले तर बाकी जेमतेम 522 ने उतरते. हे आकडे तुम्ही वाचून दाखवले तर भाषण होतं. कॅल्क्युलेटर त्याला दाबू द्या.

पासबुक यांच्याशी एका बाबतीत मतभेद आहे. घरखर्च बायकोच्या हातात असेल तर तिला पूर्ण बैठकभर बाहेर ठेवू नका. त्याची परवानगी घेऊन शेवटी आत बोलवा आणि फक्त तारखांचं बोला. आकडे त्याला सांगायचे तेव्हा तो सांगेल.

नवी_नोंद:
सावकाराचं नावच सांगत नसेल तर?

कागदपत्र:
नाव नकोच. "क्ष" लिहा. रक्कम, शेकडा दर, तारण दिलेली वस्तू आणि सही करून दिलेले कोरे चेक किंवा स्टॅम्पपेपर एवढं पुरे. गप्प राहण्याचं खरं कारण बहुधा ते चेकच असतात. चेकचे नंबर आणि दिल्याची तारीख लगेच टिपून ठेवायला सांगा. विनापरवाना सावकारी 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे (सहकारी संस्था) जाते. पण तक्रार करायची की नाही हे त्यालाच ठरवू द्या, त्याच गावात त्याला राहायचं आहे.

बँका आणि ॲपच्या वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर कर्जदाराला फोन करता येत नाही. फोनची वेळ आणि नंबर लिहून ठेवा, आधी संस्थेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

आणि एक, हे टाळू नका. "आता काही उपयोग नाही" असं वारंवार येत असेल तर ती टाळाटाळ समजू नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. हो म्हणाला तर कर्जाचं बोलणं बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिथेच लावून द्या आणि घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा.

पासबुक:
शेकडा_पाच यांचं बायकोबद्दलचं म्हणणं पटलं. पुढची तारीख देताना पगार झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची द्या. महिनाअखेरीला बोलावलं तर खिसा रिकामा असतो आणि ठरवण्यासारखं काही उरलेलं नसतं.