मदत हवी आहे: सूर्यनमस्कारात आकड्यांवरचं लक्ष श्वासावर कसं आणायचं?

सोसायटीच्या गच्चीवर रोज सकाळी सहाला आठ-दहा जणींना सूर्यनमस्कार शिकवते. बाराही स्थिती आता बऱ्यापैकी बसल्यात, पण सगळं लक्ष "किती झाले?" याकडे! एक काकू तर हस्तपादासनात वाकल्या की मनगटावरचं घड्याळ बघून घेतात. मला हवंय हलतं ध्यान: हात वर नेताना श्वास आत, वाकताना बाहेर, मन तळपायाशी. पतंजलींच्या योगसूत्रातलं 'स्थिरसुखमासनम्' (आसन स्थिर आणि सुखाचं असावं) सांगून पाहिलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा मोजायला लागल्या. मोजणी बंद केली तर दोघी रुसल्याच. मी सूचना देत राहिले की माझाच आवाज मध्ये येतो, गप्प राहिले की श्वास कोंडून धरतात. प्रत्येक स्थितीत एखादा जास्तीचा श्वास घेऊन होईपर्यंत त्यांना थांबायला सांगून बघू का? शिकवणाऱ्यांनो, तुम्ही काय करता?