बागेत १२ व्होल्टचे दिवे लावायचे आहेत, ४ हजारांत काय घ्यावं?

बेसावासी
नागपुरात बेसाला घरापुढे छोटी बाग आहे. चाफा, लिंबू, दोन जास्वंदी, तुळस. गेटपासून पायरीपर्यंत अंधार असतो. परवा आई पाण्याच्या नळीत पाय अडकून पडता पडता वाचली. २३० व्होल्टची वायर मातीतून न्यायची हिंमत होत नाही, आमचं कुत्रं सगळं उकरतं. म्हणून १२ व्होल्ट. ६ दिवे, बजेट ४ हजार, वायर धरून.

तर्रीबाज
सोलर घेऊ नको भाऊ. मी आठ लावले होते. मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिक पिवळं पडून तडकलं, पावसाळ्यात एकातून गोगलगाय निघाली. आठही माळ्यावर पडून आहेत, पाहिजे तर घेऊन जा.

धरमपेठची_काकू
आम्ही पितळी बोलार्ड, म्हणजे बुटक्या खांबाचे दिवे लावलेत, एकेक ३२०० चा. दहा वर्षं झाली, ढिम्म हललेले नाहीत. पाहुणे आधी दिव्यांचंच विचारतात.

बेसावासी
काकू, ४ हजार सगळ्याचे मिळून आहेत.

धरमपेठची_काकू
मग थोडं थांबून घे ना. एकदाच होतं.

जुगाडू_जरीपटका
माझ्याकडे जुन्या हॅलोजनचा ट्रान्सफॉर्मर होता, तोच लावला. दिवे गणपतीच्या मखरासारखे लुकलुकून राहिले होते. तीन दिवसांत काढला.

अर्धा_वायरमन
@जुगाडू, लुकलुकणारच. तसल्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला ठरावीक किमान लोड लागतो, एलईडी तेवढा ओढतच नाहीत.
@बेसावासी, १२ व्होल्ट डीसीचा एसएमपीएस घ्या, म्हणजे घरच्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा डबा. ५ वॅटचे ६ दिवे म्हणजे ३० वॅट, अडीच अँपिअर. ५ अँपिअरचा घेतलात तर गरम कमी होईल. तो पोर्चमध्ये, पाऊस लागणार नाही असा बसवा. दिव्यावर आयपी६५ (धूळ-पाणी आत जात नाही) लिहिलंय म्हणून एसएमपीएसही भिजवायचा नसतो.
खरी गोम वायरीत आहे. २० मीटर लांब अर्ध्या एमएमची वायर टाकून सगळे दिवे टोकाला लावले तर जवळपास ४ व्होल्ट वाटेतच जातात. तांब्याची दीड एमएम घेतली तर सव्वा. एसएमपीएस मधोमध ठेवून दोन्हीकडे वायर काढली तर आणखी कमी.

तर्रीबाज
बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, मिळून जाईल सगळं. पण सोलर नको.

माळीदादा_हौशी
सोलर अजिबात नको, आमचेही गेले. आणि जोडावर नुसती टेप गुंडाळून पुरू नका, माझ्या तारा एका पावसाळ्यात हिरव्या पडल्या. रंग पिवळाच घ्या, ३००० केल्विन. पांढऱ्यावर जुलैत इतके किडे येतात की दार उघडायची सोय नाही.

जुगाडू_जरीपटका
पिवळ्यात दिसते काय बे? ढाब्यासारखं वाटते.

धरमपेठची_काकू
आमचे पिवळेच आहेत.

जुगाडू_जरीपटका
काकू, तुमचे पितळी आहेत, समजलं.

बेसावासी
सगळ्यांचे आभार. हिशोब मांडला : दिवे, एसएमपीएस, दीड एमएम वायर, ४ हजारांत जेमतेम बसत होतं. मग आईला दाखवलं. ती म्हणाली, झाडांवर दिवे लावायचे नाहीत, रात्री झाडं झोपतात. पायरीला एक, तुळशीपाशी एक, बस. दोन दिव्यांसाठी कोण खणत बसणार? बर्डीवरून दोन सोलर आणले, ६८० चे. पिवळेच आहेत.

तर्रीबाज
😑 मेमध्ये भेटू.