पोरगी डावखुरी आहे, हात बदलायला लावायचा का?

मंगळवारपेठकर: आमची धाकटी साडेचार वर्षांची, सगळं डाव्या हातानं. आई म्हणती प्रसाद तरी उजव्यात घे, शाळेत बाईंनी पेन्सिल काढून दुसऱ्या हातात दिली, पोरगी घरी येऊन रडली. माझं मत, हात बदलायचा नाही. डाव्या हाताचा कारभार उजवा मेंदू बघतो, नसा मानेच्या वर एकमेकींना छेद देऊन पलीकडं जातात, आणि ही सवय नव्हं, १५ आठवड्यांचं बाळ पोटात कुठला अंगठा चोखतंय ते सुद्धा सोनोग्राफीत दिसतंय.

बावड्याचे काका: अहो मी पण डावराच. १९६८ ला मास्तरांनी पट्टी मारून उजव्यानं लिहायला लावलं. अक्षर मोत्यासारखं, बँकेत ३४ वर्षं काढली, मेंदूला काय झालं? पंगतीत डाव्यानं जेवणाऱ्याचं कोपर शेजाऱ्याला लागतंय, शिस्त नको?

मंगळवारपेठकर: काका, अक्षराबद्दल आदरच आहे. पण खिळा ठोकताना हातोडा कुठल्या हातात धरता?

बावड्याचे काका: डाव्यात. ते खरंय.

मंगळवारपेठकर: तेच म्हणतोय. सक्तीनं हात बदललेल्या लोकांचं स्कॅन केलं तर उजव्या हातानं लिहिताना पण त्यांचा उजवा मेंदू जन्मजात उजव्यांपेक्षा जास्त काम करताना दिसला. म्हंजे मास्तरांनी हात बदलला, आतलं नाही, आणि ती पट्टी तुम्ही उगाच सोसली.

राजारामपुरीची ताई: दादा बदलू नका! डावखुरे उजव्या मेंदूचे, म्हणून कलाकार असतात. सचिन पण लिहितो डाव्यानंच.

मंगळवारपेठकर: ताई, बाजू माझीच घेताय पण हे पटत नाही. सचिन बॅटिंग उजव्यानं करायचा की. डावखुऱ्यांतल्या साधारण ७० टक्के लोकांची भाषा डाव्याच मेंदूत असती, उजव्यांत ९५ टक्के, एवढाच फरक. २०१३ ला अमेरिकेत युटाला हजारावर मेंदू तपासले, त्यात अख्खा उजव्या नाहीतर डाव्या मेंदूवर चालणारा माणूस कुणी सापडला नाही. पोरगी कलाकार निघाली तरच तिचा हात तिचा, असं नको व्हायला. साधी निघाली तरी तिचाच.

बावड्याचे काका: लिहूदे डाव्यानं. जेवायचं मात्र उजव्यानं शिकवा, एवढं म्हाताऱ्याचं ऐका.

मंगळवारपेठकर: जेवायचं तिच्यावर सोडतो काका, पंगतीत डावीकडच्या टोकाला बसवू, कोपर कुणाला लागणार नाही. सोमवारी बाईंना भेटतोय. आणि महाद्वार रोडला डाव्या हाताची कात्री कुठं मिळत असली तर सांगा, साध्या कात्रीनं कापताना पातं मधी येतंय, तिला रेघच दिसत नाही.