इंग्रजी परिशिष्टासाठी बास्करव्हिल की टाइम्स?

संपादक, परभणी

आमचे वाचनालय हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळातील स्थानिक कागदपत्रांचा संग्रह १७ सप्टेंबरला प्रकाशित करीत आहे. मुख्य मजकूर मराठीत असून परिशिष्टात संस्थानी अमदानीतील इंग्रजी पत्रव्यवहार येतो. त्यासाठी सवयीने टाइम्स हा टंक (फॉन्ट) न वापरता बास्करव्हिल हा टंक वापरावा, असे माझे मत आहे.

बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल मुळात सुलेखन शिकवणारा आणि थडग्यांच्या शिळांवर अक्षरे कोरणारा होता. १७५७ साली त्याने व्हर्जिलचे काव्य आपल्या नव्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत, छापले. या अक्षरांत जाड आणि बारीक रेषांतला फरक आधीच्या खिळ्यांपेक्षा स्पष्ट आहे, पोटे गोल आणि प्रशस्त आहेत, आणि जाडीचा कल जवळजवळ उभा आहे. मला हा शेवटचा गुण महत्त्वाचा वाटतो. बोरूने घडलेल्या देवनागरीत जाडीचा तिरका कल रोमन लेखणीच्या उलट दिशेने जातो, त्यामुळे गॅरामंड या जुन्या टंकासारखे डावीकडे कललेले अक्षर समोरच्या पानावर आले की दोन्ही लिप्या एकमेकींना ढकलताना दिसतात. बास्करव्हिल देवनागरीशेजारी निमूट उभा राहतो.

छापखानेवाला, नांदेड

संपादक महोदयांचा मुद्दा पडद्यावर खरा आहे, कागदावर नाही. बास्करव्हिलने शाई स्वतः बनवली, गुळगुळीत कागद वापरला आणि छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून काढले. तेव्हा कुठे त्याच्या बारीक रेषा उठून दिसल्या. आपली पुस्तके सत्तर जीएसएम वजनाच्या मॅपलिथो या साध्या कागदावर आणि सर्वांत कमी कोटेशन देणाऱ्याकडे छापली जातात. तेथे शाई थोडी कमी पडली की इंग्रजी ‘e’ अक्षराची आडवी रेषा तुटते आणि जास्त झाली की तिच्या वरचे पोट भरून जाते.

शिवाय हे अक्षर रुंद आहे. त्याच पॉइंटात टाइम्सपेक्षा पाने वाढतात, आणि एक पान जरी एकदम छापल्या जाणाऱ्या सोळा पानी फॉर्मच्या बाहेर गेले तरी खर्च वाढतो, तो वाचनालयालाच भरावा लागतो. टाइम्स १९३२ मध्ये वृत्तपत्राच्या अरुंद स्तंभांसाठी आला, जागा वाचवणे हेच त्याचे काम होते. आम्हा व्यावसायिकांना तो आवडतो तो उगीच नव्हे.

सुलेखन शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

वाद करण्यापूर्वी कोणता बास्करव्हिल, हे ठरवावे. वर्डसोबत येणारा ‘बास्करव्हिल ओल्ड फेस’ मोठ्या मथळ्यांच्या वळणाचा आहे. त्याला स्वतःचा इटॅलिक किंवा ठळक संच नाही, म्हणून इटॅलिकची कळ दाबली की संगणक तेच अक्षर नुसते तिरपे करतो. डीटीपीवाले तो अकरा पॉइंटात लावतात आणि मग दोष मूळ अक्षराला देतात. उलट ‘लिब्रे बास्करव्हिल’ अमेरिकन टाइप फाउंडर्सच्या १९४१ च्या वळणावरून पडद्यावरील मजकुरासाठी आखलेला आहे. त्यातील लहान अक्षरांची उंची जास्त आहे आणि बारीक रेषांना पुरेसे अंग आहे.

अक्षर ओळखायचे असेल तर इंग्रजी धाकट्या जीकडे (g) पाहावे. तिचे खालचे पोट पूर्ण मिटत नाही, डावीकडे थोडे उघडे राहते. मोठ्या क्यूची (Q) शेपटी मात्र शेजाऱ्याच्या अंगणात जाण्याइतकी लांबते. आम्ही विद्यार्थ्यांना हे अक्षर गिरवायला देतो, कारण लेखणीची चाल त्यात अजून दिसते. टाइम्समध्ये मला ती सापडत नाही.

निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई

माझा विरोध छपाईच्या कारणाने नाही. २०१२ मध्ये चित्रपट दिग्दर्शक एरॉल मॉरिस यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या वाचकांसमोर एकच उतारा सहा वेगवेगळ्या टंकांत ठेवला, आणि बास्करव्हिलमध्ये तो वाचणाऱ्यांनी त्याला किंचित अधिक होकार दिला. हे खरे मानले, तर कागदपत्रांच्या संग्रहात हा टंक नकोच. निजामी अधिकाऱ्याच्या हुकुमाला आपण सजवून अधिक विश्वासार्ह का करावे? कागदपत्राने वाचकाला पटवायचे नसते, त्याच्यासमोर फक्त यायचे असते.

संपादक, परभणी

सरांचा आक्षेप विचार करायला लावणारा आहे, परंतु त्या सहा टंकांत टाइम्स नव्हताच, त्यामुळे आपल्या प्रश्नावर तो प्रयोग मौन आहे. टाइम्स निःपक्षपाती आहे, हेही मला मान्य नाही. शोधप्रबंध आणि सरकारी परिपत्रके त्यात इतकी वर्षे निघाली की त्याला कचेरीचा वास लागला आहे, आणि हुकुमाला तोच वास अधिक वजन देईल.

आक्षेप अक्षराला असतात की नावाला, हेही तपासावे. बास्करव्हिलचे अक्षर डोळे बिघडवील, असे सांगणाऱ्या गृहस्थाला बेंजामिन फ्रँकलिनने कॅस्लन या दुसऱ्या इंग्रज खिळेकाराच्या अक्षरांचा नमुना नाव फाडून बास्करव्हिल म्हणून दाखवला, तेव्हा त्याने त्यातही तेच दोष मोजून दाखवले. ही हकिकत फ्रँकलिनने १७६० मध्ये खुद्द बास्करव्हिलला कळवली.

छापखानेवाला, नांदेड

फ्रँकलिनला कोटेशन द्यायचे नव्हते. तरीही बाईंनी सुचवलेला लिब्रे साडेनऊ पॉइंटात, ओळींत पुरेशी जागा सोडून, मी छापून देईन. उंची जास्त असल्याने तेवढा आकार पुरतो. तळटिपा मात्र आठ पॉइंटांखाली आणि इटॅलिकमध्ये असतील तर त्या टाइम्समध्येच घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे.

सुलेखन शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

एका पानावर दोन सेरिफ (रेषांच्या टोकांना पाय असलेले) टंक नकोत. तळटिपा सरळ अक्षरांत घ्या आणि आधी त्याच कागदावर, त्याच मशीनवर चार पाने काढून पाठवा.