मदत हवी आहे: अग्निशमन दलावरचे खरेखुरे वाटणारे चित्रपट सुचवा

नमस्कार मंडळी,

१४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मरण पावले. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत एखादा चित्रपट दाखवून नंतर मुलांशी बोलायचा विचार आहे.

अडचण निवडीची आहे. १९९१ चा 'बॅकड्राफ्ट' मला मनापासून आवडतो, पण त्यात खोल्या ज्वाळांनी लख्ख उजळलेल्या दिसतात. खऱ्या बंद घरातल्या आगीत काळा धूर इतका दाटतो की जवान जमिनीलगत रांगत, भिंत चाचपत पुढे जातात. नटाचा चेहरा दिसावा म्हणून पडद्यावर श्वसनयंत्राचा मुखवटा काढून ठेवतात, हे तर मला फार खटकतं. मुलांनी नेमकं तेच शिकू नये. माणसं भाजण्याआधी बऱ्याचदा धुरानेच गुदमरतात.

'ओन्ली द ब्रेव्ह' (२०१७) बरा वाटला. अमेरिकेतल्या ॲरिझोनात २०१३ साली वणव्यात मरण पावलेल्या १९ जवानांची ती खरी गोष्ट. पाण्यापेक्षा जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून झाडझुडूप काढून केलेली मोकळी पट्टी) काढण्याची मेहनत त्यात दिसते. पण लहानांना शेवट झेपेल का?

मुंबईच्या दलावरचा 'अग्नी' (२०२४) मुलांसोबत कुणी पाहिलाय का? मराठीत या विषयावर माहितीपट आहे का? दलात काम करणारं किंवा निवृत्त झालेलं कुणी इथे असेल, तर कोणता प्रसंग खरा वाटला तेही कृपया सांगा.