अनुभव धागा: गणित आणि संगीत, दोन्ही एकदम शिकताना

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी ओळखीतले आईवडील हाच प्रश्न घेऊन येतात. मुलीचं गणित उत्तम आहे, गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे, आता दोन्हींपैकी एक सोडायला सांगायचं का? मी पुण्यात गणितात एमएस्सी केलं आणि त्याच वर्षांत गाणंही शिकले. तेव्हा दोन पूर्णवेळ पदव्या एकाच वेळी घेता येत नसत. त्यामुळे पदवी गणिताची आणि संगीत गुरूंकडे, परीक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, हीच आमची वाट. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) दोन पूर्णवेळ पदव्यांना परवानगी दिली, फक्त दोन्हीकडच्या तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. कागदावर तरी दार उघडलं आहे.

म्हणून हा धागा. ज्यांनी दोन्ही केलं, करत आहेत किंवा मध्येच सोडलं, त्या सगळ्यांनी लिहा. एक विनंती आहे. 'संगीत म्हणजे गणितच की' एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय शिकताना काय उमगलं, रियाजाला वेळ कुठून काढला, काय हातचं गेलं, ते सांगा. दोन्ही एकत्र शिकण्याचा फायदा खरा आहे असं मी मनापासून मानते, पण तो आपसूक पदरात पडत नाही. कुठे पडला, हेच मला ऐकायचं आहे.

तबला, पुणे

शेषांचं अंकगणित शिकवताना सरांनी घड्याळाचं उदाहरण घेतलं. माझ्या डोक्यात तीनताल सुरू झाला: सोळा मात्रांचं (ठोक्यांचं) एक आवर्तन, त्यातली पहिली मात्रा म्हणजे सम. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं. समेवरून उचललेली तिहाई पुढच्या समेवर यायची तर सम धरून १७ मात्रा हव्यात. बोल ब मात्रांचा आणि मधला थांबा, म्हणजे दम, द मात्रांचा धरला, तर ३ब + २द = १७. 'तिट कत गदि गन धा' या बोलाच्या पाच मात्रा आणि मध्ये एकेक मात्रा दम: ५+१+५+१+५. हाच बोल दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, घेतला की 'तिटकत गदिगन धा', तीन मात्रा. ३+१+३+१+३ म्हणजे ११, दहा मात्रांच्या झपतालात सम ते सम! लहानपणापासून वाजवत होतो, पण दोन्हींमागे एकच समीकरण आहे हे त्या दिवशी दिसलं.

मग नादच लागला. बेदम तिहाईत द शून्य, म्हणजे तीनतालात ३ब ला १६ ने भागून १ उरायला हवा. ब = ११ घेतला की ३३, दोन आवर्तनं आणि सम. बेदम चक्रदारात अख्खी तिहाईच तीनदा, म्हणून बोल नऊ वेळा येतो, तिथे नऊ मात्रांचा बोल चालतो: ८१, पाच आवर्तनं आणि सम. वहीची पानंच्या पानं भरली आणि गुरुजींना नेऊन दाखवली. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "हिशेब चोख आहे. आता अकरा मात्रांचा बोल आण, ऐकावासा वाटेल असा." तो बोल सापडायला फार वेळ गेला. समीकरण जागा दाखवतं, तिथे काय वाजवायचं हे घराण्याचे बोल मुखोद्गत असल्याशिवाय सुचत नाही.

उलट दिशेनेही मिळालं. गुरुजी पढंत, म्हणजे बोल आधी तोंडाने म्हणणं, केल्याशिवाय तबल्याला हात लावू देत नसत. मी तीच सवय सिद्धतांना लावली. कागद बंद करून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने म्हणायची. जिथे अडखळलो तिथेच ती मला समजलेली नसायची. एमएस्सीची तोंडी परीक्षा मला कधी जड गेली नाही ती यामुळे.

वरच्या प्रतिसादाला जोडून, मुंबई

मी वाजवत नाही, पण एमएस्सीला आंशिक विकलन समीकरणांत गोल पडद्याची कंपनं आली तेव्हा भावाचा तबला समोर घेऊन बसले होते. नुसत्या ताणलेल्या गोल कातड्याच्या कंपनसंख्यांची गुणोत्तरं येतात १, १.५९, २.१४, २.३०. पूर्णांकांशी त्यांचा काही मेळ नाही, म्हणून साध्या ढोलाला स्पष्ट सूर नसतो. पुडीवर (तबल्याच्या कातड्यावर) मधोमध शाई, म्हणजे तो काळा गोल, चढवली की हीच गुणोत्तरं पूर्णांकांजवळ सरकतात आणि तबला षड्जात मिळवता येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हे मांडलं. शाईचे थर घोटून घोटून चढवणाऱ्या कारागिरांनी ते कानाने कितीतरी आधी साधलं होतं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

गायन, कोल्हापूर

माझा अनुभव छोटा आहे. 'एका थाटातून (सात स्वरांच्या साच्यातून) ४८४ राग कसे होतात' हा विशारदच्या लेखी परीक्षेतला आवडता प्रश्न. आरोहात (चढताना) किंवा अवरोहात (उतरताना) सात स्वर म्हणजे संपूर्ण, सहा म्हणजे षाडव, पाच म्हणजे औडव. संपूर्ण-संपूर्ण १, संपूर्ण-षाडव ६, तिथपासून औडव-औडव २२५ पर्यंत नऊ जातींचा तक्ता आम्ही घोकायचो. बीएस्सीला निवडीची सूत्रं नीट शिकल्यावर कळलं की घोकायचं काहीच नाही. सा कायम, उरलेल्या सहांतून एकही न गाळणं १ प्रकारे, एक गाळणं ६, दोन गाळणं १५. बेरीज २२. आरोहाला २२, अवरोहाला २२, म्हणून २२ चा वर्ग.

पण भूप आणि देशकार हे राग घ्या. दोन्हींत सा रे ग प ध, दोन्ही औडव-औडव. मोजणीला त्यांच्यातला फरक दिसतच नाही. भूपात गंधारावर थांबायचं आणि देशकारात धैवत उंचावर धरून ठेवायचा, हे बाईंसमोर बसूनच गळ्यात उतरलं.

एडिंबरा, स्कॉटलंड

इथल्या विद्यापीठात गणित आणि संगीत अशी चार वर्षांची जोड पदवी आहे, मी तीच घेतली. गणिताचा विभाग शहराच्या दक्षिणेला किंग्ज बिल्डिंग्जमध्ये, संगीताचा निकल्सन स्क्वेअरला ॲलिसन हाउसमध्ये. दोन विषयांमधलं अंतर मी बसमध्ये रोज अनुभवलं!

घरी सांगलीला हिंदुस्थानी गायन शिकले होते. इथे पहिल्याच वर्षी चार आवाजांची स्वरसंगती लिहायला बसवलं. नियम असा की दोन आवाजांनी पंचमाचं (सा ते प) अंतर राखून समांतर चालायचं नाही. तानपुऱ्याच्या ज्या पंचमाच्या तारेवर आमचं गाणं उभं राहतं, तोच इथे वहीत लाल खूण खातो, याची सवय व्हायला वेळ लागला. नंतर कारण पटलं: पंचम इतका एकजीव होतो की दोन आवाज वेगळे ऐकूच येत नाहीत, आणि इथे प्रत्येक आवाज स्वतंत्र राहायला हवा.

मात्र पियानोचा गंधार माझ्या कानाला कायम खुपला. कारण गणिताने दिलं. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर पियानोवर गंधार ४०० वर असतो. नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार ५:४ या गुणोत्तराचा, म्हणजे साधारण ३८६ वर. चौदा सेंटांचा फरक. बारा शुद्ध पंचम (३:२ या गुणोत्तराचे) एकावर एक रचले तर सात सप्तकांच्या किंचित पुढे जातात, १२८ पटींऐवजी १२९.७५ च्या आसपास. तो उरलेला तुकडा सगळ्या स्वरांत वाटून टाकला की पियानो तयार होतो. ३ चा कुठलाही घात २ चा घात होऊ शकत नाही, त्यामुळे यातून सुटका नाही. ही एका ओळीची सिद्धता मला चार वर्षांत शिकलेल्या कितीतरी मोठ्या प्रमेयांपेक्षा जवळची आहे.

भारतातून येऊ इच्छिणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. इथे स्टाफ नोटेशन (पाच रेषांची पाश्चात्त्य स्वरलिपी) सराईतपणे वाचता येणं गृहीत धरतात. सा रे ग म लिहायच्या भातखंडे लिपीवर वाढलेल्यांनी ते आधीच शिकून यावं.

सतार, ठाणे

मी सोडणाऱ्यांपैकी. हजेरी ७५ टक्के हवी, अंतर्गत परीक्षा बुडवायची नाही, आणि गुरूंबरोबर कार्यक्रमाला जायला रजा मागितली तर उत्तर मिळालं, "कॉलेजच्या क्रिकेट संघात असतास तर दिली असती." तिसऱ्या वर्षाला सतार गवसणीत गेली. पुढे नोकरी लागल्यावर पुन्हा काढली. बोटांवरचे घट्टे परत आले, पण तार खेचून घेतलेली पाच सुरांची मींड त्या वयात जशी येऊ लागली होती तशी आता येत नाही. निवड करावीच लागली तर हात आधी सांभाळा. पुस्तक चाळिशीतही उघडता येतं.

संगीतातून गणिताकडे, मराठवाडा

सगळे गणिताकडून आलेत, मी उलटी आले. दहावीनंतर गणित सुटलेलं. एमएला 'संगीतरत्नाकर' लागला. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी होते, म्हणजे आमच्या दौलताबादला. त्यात स्वरप्रस्तार येतो: सात स्वरांचे ५०४० क्रम, आणि त्यांची ठरलेली मांडणी. तीन स्वरांवर पाहा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. नष्ट म्हणजे क्रमांकावरून तान शोधणं: पाचवी कोणती? रेगसा. उद्दिष्ट म्हणजे तानेवरून क्रमांक: गसारे कितवी? चौथी. किल्ली शेवटच्या स्वरात आहे. पहिल्या दोन क्रमांत शेवटी ग, पुढच्या दोनांत रे, अखेरच्या दोनांत सा.

हे समजून घ्यायला एका गणिताच्या प्राध्यापकांकडे गेले. फळ्यावर क्रमगुणितं मांडून त्यांनी तासाभरात खंडमेरू, म्हणजे नष्ट-उद्दिष्टासाठीचा ग्रंथातला तक्ता, उलगडला आणि मग स्वतःच ग्रंथ वाचायला मागून घेतला. त्यानंतर मी त्यांच्या वर्गात मागे बसू लागले. आज विद्यार्थ्यांना पलटे (स्वरक्रमांचा सराव) देताना मी याच क्रमाने देते. एकही क्रम निसटत नाही.

बीएस्सी दुसरं वर्ष, नाशिक

तबला शिकतोय. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव आणि आमची सत्र परीक्षा एकदमच येतात, यावर कुणाकडे उपाय असेल तर सांगा. पुण्याच्या दादांना एक विचारायचं होतं. तुमचं समीकरण बारा मात्रांच्या एकतालात लावलं, समेपासून बेदम तिहाई बसतच नाही. माझं काही चुकतंय का?

तबला, पुणे

नाही, बरोबर आहे. बाराच्या पटीत एक मिळवला तर त्याला तीनने कधीच भाग जात नाही, त्यामुळे सरळ पूर्ण मात्रांत ती बसणारच नाही. दुसऱ्या मात्रेपासून उचल. सम धरून १२ मिळतात, चार मात्रांचा बोल घे. आणि तोच 'तिट कत गदि गन धा' आडाचौतालात दम न घेता तीनदा म्हणून बघ, चौदा मात्रा संपून पंधरावी बरोबर समेवर येते.